शेगावहून आलेली मुंबईची गायिका

गेल्या हिवाळ्यात माझं सगळं आयुष्य एका छोट्या टेम्पोत मावलं. पोस्टरं, फोटोंचे अल्बम, कॅसेटी, जादूच्या पेट्या, जरीचे कोट आणि सन्मानचिन्हांची तीन खोकी अमरावतीच्या एका कॉलेजला निघाली होती. टेम्पोवाल्यानं विचारलं, "काका, रद्दी हाये का?" मी म्हणालो, "संग्रह आहे." तो म्हणाला, "भाडं तेच पडते."

कॉलेजनं मात्र मोठा समारंभ केला. मंचावर इतके पाहुणे होते, की खाली बसायला फार कोणी उरलं नव्हतं. ज्या कपाटात संग्रह ठेवला होता त्याच्या फितीला कात्री लागली, पण किल्ली कोणाकडे आहे ते कळेना. तेव्हा बंद कपाटासमोरच 'वऱ्हाडचा सांस्कृतिक ठेवा' या विषयावर भाषणं झाली. मला शाल मिळाली. आयुष्यभर मी अशा समारंभांची नक्कल करून पोट भरलं. माझी पाळी आली तेव्हा मात्र मान कितपत वाकवली म्हणजे फोटो चांगला येईल, याचाच विचार मी करत होतो.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. त्यातली जी सर्वांत जास्त वेळा सांगून मी टाळ्या घेतल्या, तीच आज लिहायला जड जाते आहे. म्हणून तीच लिहितो.

आमचा धंदा आता कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. घरोघर टीव्ही येण्याआधी अकोला-अमरावतीकडे ऑर्केस्ट्रा ही मोठी चीज होती. कापूस विकला गेला, हातात पैसा आला, की दोन महिने आमचा हंगाम. मी दोन कामं करायचो. पहिलं मंचावरचं. गायकांना चहा प्यायला वेळ मिळावा म्हणून मधल्या वेळात नकला, हातचलाखी आणि तोंडानं आवाज काढणं. जिनिंगचं मशीन, मालगाडी, संत्र्यांच्या हर्रासात बोली पुकारणारा अडत्या, लाइनमनला शिव्या घालणारी म्हातारी, असं सगळं. दुसरं काम मंचामागचं. हॉल ठरवणं, परवानग्या काढणं, पानठेल्यांवर तिकिटं ठेवणं, ऑटोला भोंगा बांधून गावभर ओरडणं आणि कलाकार आणणं.

या शेवटच्या कामातच सगळी ग्यानबाची मेख होती. अकोल्याचा माणूस अकोल्याच्या गायिकेला तिकीट काढून ऐकायला येत नाही. ती गणपतीत फुकट गाते, लग्नात गाते. तिच्या बापाला आपण ओळखतो, तिला सर्दी झालेली आपल्याला माहीत असते. अशा बाईसाठी खुर्चीचे पैसे कोण देणार? गायिका गाडीतून उतरलेली लागते. ती कशी गाते हा पुढचा प्रश्न.

माझ्याकडे गायिका होती एकच. कुंदा. अकोल्याच्या जठारपेठेत चौकात फुलांचं दुकान असलेल्या महादेवमामांची मुलगी. तिला मी पहिल्यांदा ऐकलं ते हार ओवताना. दुकानात बसून सुईदोऱ्याच्या तालावर गुणगुणत होती. मुंबईहून गायिका आणायची माझी ऐपत नव्हती, म्हणून मी मुंबईची गायिका तयार केली. अकोल्यात कुंदा झाली 'मिस रीटा, मुंबई'. अमरावतीत 'कुमारी सोनल, इंदूर'. यवतमाळला आणखी कोणी, वाशिमला आणखी कोणी. केसांची ठेवण बदलायची, चष्मा बदलायचा. पोस्टरवर फोटोच्या जागी एका बाईची सावली छापायची. छापखानेवाल्याकडे ती एकच सावली होती. तीही आम्ही सगळ्यांना पुरवली.

लोक फसत होते असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्यांना फसायचं होतं. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे व्यापारी मुलीच्या लग्नासाठी कार्यक्रम ठरवायला आले होते. त्यांनी दोन्ही गायिका ऐकल्या होत्या.

"मले इंदूरवालीच पाह्यजे," ते म्हणाले. "मुंबईवाली नोको."

"का हो? काय झालं?"

"आवाज बसका हाये तिचा. अन् लय चढेल वाटते. इंदूरवाली कशी, घरच्यावानी गाते."

मी इंदूरवालीचे दर जरा जास्त आहेत असं सांगितलं, आणि त्यांनी ते आनंदानं दिले. हा किस्सा सांगताना मला आजही थोडा गर्व होतो, हे कबूल करतो.

पण नुसतं नाव बदलून भागत नसे. स्टेशनवर स्वागत लागायचं. बाहेरची कलाकार मुंबईच्या गाडीनं येणार, हे भोंग्यावरून आधीच जाहीर व्हायचं. हार, बँड आणि गावातले पाच प्रतिष्ठित फलाटावर हजर राहायचे. अमरावतीचा कार्यक्रम असला, की कुंदा अकोल्याला गाडीत बसायची आणि अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरायची. हे सोपं होतं. अकोल्याच्या कार्यक्रमाचा मात्र प्रश्न होता, कारण ती अकोल्यातच असायची. मग पहाटेच्या एसटीनं तिला मुंबईच्या बाजूला असलेल्या शेगावला पाठवायचो. तिथे वेटिंग रूममध्ये ती साडी बदलून, गॉगल लावून मुंबईची गाडी धरायची आणि आपल्याच गावात पाहुणी म्हणून उतरायची. असल्या स्वागतांचे फोटो मी नीट तारीखवार लावून ठेवले होते. माझ्या संग्रहाचा तो सर्वांत देखणा भाग आहे असं कॉलेजच्या तायडे मॅडमही म्हणाल्या. संग्रहाची व्यवस्था त्या बघतात.

समारंभाची बातमी पेपरात आली, आणि पुढच्याच आठवड्यात कुंदा अकोल्याहून येऊन माझ्या अमरावतीच्या घराच्या दारात उभी राहिली. मधे किती वर्षं गेली ते दोघांनीही मोजलं नाही. गुडघे धरून पायऱ्या चढली, पाणी प्याली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"भाऊ, मले तुमच्या कपाटातलं एक काम हाये."

वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं. कुंदानं अर्ज केला होता. तो परत आला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कलाक्षेत्रातील कार्याचा पुरावा जोडलेला नाही.'

"पोस्टर पाह्यजे म्हनते, नाहीतं पेपरातलं कात्रन. नाव छापलेलं. मी म्हटलं, भाऊपाशी सारं हाये. भाऊ कागदाचा कपटा फेकत नाही." तिनं कागदाची पुन्हा घडी घातली. "दुकान आता भाच्यानं घेतलं. मले मागून खाव लागते त्याच्यापाशी. म्हनून म्हटलं."

मी एखाद्या सरदारासारखा म्हणालो, "एवढंच ना? चल." आणि तिला ऑटोत घालून कॉलेजात नेलं. खरं सांगतो, ऑटोतून उतरून जिना चढेपर्यंत माझ्या लक्षात काही आलं नव्हतं. आपल्या संग्रहात कुंदा पानोपानी आहे, एवढंच डोक्यात होतं.

तायडे मॅडमनी पांढरे हातमोजे दिले. जुन्या कागदांना हात लावायचा तर ते घालावे लागतात. दोरा ओढून ओढून बोटांना घट्टे पडलेल्या कुंदानं ते लहान मुलासारखे पुढे हात करून घालून घेतले. मॅडमनी गायिकांच्या फायली टेबलावर मांडल्या. प्रत्येक गायिकेची वेगळी फाइल, वेगळा क्रमांक. एक विद्यार्थिनी त्यांवर प्रकल्प करत होती. विषय होता, 'वऱ्हाडच्या रंगमंचावर बाहेरील गायिकांचे योगदान'.

"या कोण?" मॅडमनी रीटाच्या फोटोवर बोट ठेवून मला विचारलं. "यांचं पुढे काय झालं, काही माहिती मिळत नाही."

"मी हाये ना ते," कुंदा म्हणाली.

"आणि या इंदूरच्या सोनल?"

"थेही मीच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थिनीनं पेन खाली ठेवलं. कुंदा एकेक फाइल उघडत गेली आणि प्रत्येकीवर "मीच" म्हणत गेली. आम्ही सगळी पोस्टरं पाहिली. निवेदक म्हणून माझं नाव प्रत्येकावर, ठळक. ढोलकवाल्याचं होतं, लाइटवाल्याचं होतं, छापखान्याचंही होतं. कुंदा हे नाव एकाही कागदावर नव्हतं. असणार कसं? ते तिथे येऊ नये यासाठीच मी इतकी मेहनत घेतली होती.

शेवटी अकोला स्टेशनचा मोठा फोटो आला. फलाटावर बँड आहे. मधे गॉगल लावलेली कुंदा, आणि तिला हार घालणारे गावातले एक वकीलसाहेब. त्या काळी प्रत्येक स्वागत समितीचे तेच अध्यक्ष असत. सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात. मागे डाव्या कोपऱ्यात टोपली घेतलेला एक माणूस आहे. तो तेवढा तिच्याकडे पाहतो.

"बाबा," कुंदा म्हणाली.

ही ती गंमत. त्या दिवशी हार मी महादेवमामांकडून मागवले होते, कारण जठारपेठेत तसे हार दुसरा कोणी करत नसे. माणूस पाठवून द्या म्हणालो होतो. ते स्वतःच घेऊन आले. बहुधा मुलीचं स्वागत बघायचं असेल. गाडी थांबली, कुंदा उतरली, आणि बाप-लेक समोरासमोर. वकीलसाहेबांनी हारासाठी मागे हात केला. मी लांबून मामांना डोळ्यांनी खूण केली. त्यांना ती एका क्षणात कळली. टोपली पुढे करून, मान खाली घालून ते म्हणाले, "घ्या बाईसाहेब, हार." ती म्हणाली, "थँक्यू." मग बँड वाजला.

मला वाटलं, काय बेमालूम माणूस! त्याच आठवड्यात मी त्याचं आयटम बांधलं. नाव 'स्टेशन'. त्यात फुलवाला आपल्याच मुलीला ओळखत नाही. तिच्यापुढे लोटांगण घालतो, मुंबईचे भाव विचारतो, 'माही पोरगी तुमच्यावानीच दिसते, पन थे भद्दी हाये,' म्हणतो. आवाज मी हुबेहूब मामांचा काढायचो. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली जाणारा. लोक खुर्चीतून पडायचे. वर्षानुवर्षं चाललं ते. आणि कार्यक्रमाची रचना मीच केलेली होती, 'स्टेशन' संपलं की लगेच गायिकेचं गाणं. म्हणजे दर कार्यक्रमात ती पडद्याआड उभं राहून ते ऐकायची आणि मग हसऱ्या लोकांसमोर येऊन गायची. तिला काय वाटत असेल असा प्रश्न मला पडला नाही. तिचा सूर पक्का लागतो का, एवढंच मी पाहायचो. तो लागायचा.

"त्या दिवशी फंक्शनमधी वाजवलं ना थे," फोटोवरून नजर न काढता कुंदा म्हणाली. "मी मागं बसलो होतो."

कॉलेजनं जुनी कॅसेट साफ करून समारंभात 'स्टेशन' ऐकवलं होतं. मी मंचावर फोटोच्या नादात होतो, ती आली होती हे मला माहीतही नव्हतं.

"काहून भेटली नाहीस?"

"लोक हासून राहिले होते. मंधात कुठं येऊ?"

तायडे मॅडमनी फोटोची प्रत काढून देते म्हटलं. कुंदा म्हणाली, "द्या. पन साहेबाले यानं चालत नाही. याच्यावर त रीटा लिव्हलं हाये."

मग मी धावपळ सुरू केली. लाज वाटली की माणूस फार कार्यतत्पर होतो. आधी वकीलसाहेबांकडे गेलो. ते आता अकोल्यात मुलाकडे असतात, नव्वदीला आले आहेत, पण कान आणि रुबाब शाबूत आहे. दिवाणखान्यात भिंतीवर तोच फोटो, सोनेरी चौकटीत. मागच्या कोपऱ्यातला फुलवाला चौकटीत बसत नव्हता म्हणून कापला होता.

मी सगळं सांगितलं. "तुम्ही एक ओळ लिहून द्या. ज्या गायिकेला आपण हार घातला ती कुंदाच होती, एवढंच."

त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"मी मुंबईच्या गायिकेचं स्वागत केलं होतं," ते म्हणाले.

"ती मुंबईची नव्हती, साहेब. सकाळी शेगावला गेली होती."

"ते तुमचं तुम्ही पाहा. मी अध्यक्ष या नात्यानं मुंबईच्या गायिकेला हार घातला. माझी नातवंडं, पतवंडं हेच ऐकत मोठी झाली. आता या वयात मी फुलवाल्याच्या पोरीला हार घातला असं लिहून देऊ?"

"तिचं मानधन अडलं आहे हो."

"मग तुम्ही द्या लिहून. खोटं तुम्ही बोललात. मी नाही."

हे ऐकायला मी तिथवर गेलो होतो बहुतेक. त्यांच्या भंपकपणावर मी एरवी दहा मिनिटांचं आयटम केलं असतं. पण माणूस भंपक असला तरी त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं, ही मोठी गैरसोय आहे.

तिथून तडक ज्या कार्यालयानं अर्ज परत केला तिथे गेलो. टेबलामागचा क्लार्क तरुण होता, सभ्य होता. मी पोस्टरांच्या प्रती पसरल्या.

"काका, टोपणनाव असलं तर चालते," तो म्हणाला. "पण टोपणनाव एखादं राहते. इथं तर अख्खा मोहल्ला हाये."

"सगळी तिचीच."

"आता बघा, राग नका मानू. माझ्या जागी तुम्ही बसा. एक बाई येते, तिचं नाव कुठंच नाही, आणि ती म्हणते या साऱ्या बायांचं काम माझं. मी साहेबांले काय सांगू? ही बाई दुसऱ्यांचं श्रेय लाटून राहिली, असंच वाटन ना कोणालेही?"

रीटाचं श्रेय कुंदा लाटते आहे! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"काय केलं म्हणजे चालेल?"

"ज्यानं कार्यक्रम केले त्याचं प्रतिज्ञापत्र आणा. स्टॅम्प पेपरवर. ही नावं मी ठेवली, अशा कोणी बाया नव्हत्या, लोकांले खोटं सांगून तिकिटं विकली, सारं स्पष्ट लिहा. मग मी पुढं पाठवतो. पण विचार करा काका, तुमचा आत्ताच सत्कार झाला म्हणते पेपरात."

अर्जाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. अजून काही झालेलं नाही. कागद पुढे गेला आहे. साहेब नवीन आलेत, ते वाचतील. कॉलेजात तायडे मॅडमनी सगळ्या फायली एकात केल्या, आणि त्या विद्यार्थिनीला विषय बदलावा लागला. 'स्टेशन'ची कॅसेट मी परत मागितली. मॅडम म्हणाल्या, एकदा दिलेलं परत घेता येत नाही. सोबत काय घडलं होतं ते लिहून जोडता येईल. ते मी लिहून दिलं आहे. कोणी ऐकलं तर पुन्हा हसेलच. कारण आयटम चांगलं आहे. याचंच वाईट वाटतं.

प्रतिज्ञापत्र करायला अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात गेलो. झाडाखाली टेबलं टाकून टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडे. गर्दी होती. कोणी भांडत होतं, कोणी झेरॉक्ससाठी ओरडत होतं. मी सांगत गेलो, तो बडवत गेला. नावं मी क्रमानं सांगितली, कुठल्या गावात कुठलं, केशरचनेसकट. कागद न बघता. टायपिस्टनं मान वर करून कौतुकानं पाहिलं.

"मेमरी जबरदस्त आहे काका. हं, आता या सगळ्या म्हणजे एकच कोण? बाईचं पूर्ण नाव सांगा."

"कुंदा," मी म्हणालो.

"कुंदा पुढे?"

"कुंदा महादेव."

"आडनाव?"

ढोलकवाल्याचं आडनाव मला आठवत होतं. छापखानेवाल्याच्या जावयाचंसुद्धा. महादेवमामांना सगळी जठारपेठ मामाच म्हणायची. कुंदाला मी कुंदाच म्हणत आलो. तिचं लग्न कुठे झालं होतं, तेही मला सांगता आलं नसतं. विसरलो असतो तर बरं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"आधार कार्डाची प्रत असेल ना?" टायपिस्ट म्हणाला. नव्हती. मी फोन लावला.

"कुंदा, कोर्टात आहे. तुझं पूर्ण नाव सांग जरा."

पलीकडे कोणीतरी मोगरा निवडत असावं, बायकांचे आवाज येत होते. मग ते लांब गेले. ती उठून बाजूला आली असणार.

"माह्यं नाव?"

"आडनाव. दोन्हीकडचं."

कट झाला की काय म्हणून मी फोन कानावरून काढून पाहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले ठाव नाही?"

"नाही."

"बरं, लिवा मंग." आणि क्लार्कला सांगावं तसं तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितला. "कुंदा. महादेव. निमकर्डे. लग्न झाल्यावर, कुंदा. सुधाकर. बोळे. बोळेमधला ळ बरोबर लिवा म्हना, नाहीतं पुन्हा पाठवतीन वापस."

मी टायपिस्टला सांगितलं. त्यानं कानामागे हात नेला. शेजारच्या टेबलावर भांडण पेटलं होतं. "काका, काहीच ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मग मी उभा राहिलो. गळा साफ केला आणि पोटातून आवाज काढला. मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो तसा. "कुंदा महादेव निमकर्डे! लग्नानंतर कुंदा सुधाकर बोळे! राहणार जठारपेठ, अकोला!"

भांडणारे थांबले. झाडाखालची माणसं वळून पाहू लागली. एक वकील काळा कोट सावरत कोण पुकारतंय ते बघायला पुढे आला. टायपिस्ट मान खाली घालून टाइप करत होता.

हातातल्या फोनमधून आवाज आला, "इतल्या मोठ्यानं काहून बोंबलून राहिले?"

फोन बंद करायचा राहिला होता. तिनंही ठेवला नव्हता.